उजवा, डावा आणि मागचे दोन

पेडणेकरांनी मला एकदा कल्याणच्या स्कायवॉकवर ओळखलं नव्हतं. तोवर आम्ही अकरा वर्षं एका दुकानात, एका काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून काढली होती. समोरून येताना मी हात केला, हाक मारली, तरी हा माणूस माझ्या बाजूने सरळ निघून गेला. दुकानात पोचल्यावर मी फणकारले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "कांबळेबाई, तुम्ही नवी सँडल घातलीत. आधी सांगायचं नाही का?"

दत्ताराम पेडणेकर स्टेशन रोडवरच्या आमच्या चपला-बुटांच्या दुकानात जेंट्स सेक्शनला होते आणि मी लेडीज सेक्शनला. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला कळव्याला, एकटे. लग्न का केलं नाही, ते मला माहीत नाही. त्यांना काही खाजगी विचारलं की ते विचारणाऱ्याच्या बुटांबद्दल बोलायला लागत, आणि ते इतकं खरं असे की माणूस आपला प्रश्न विसरून पाय मागे घ्यायचा. त्यांनी चेहरे लक्षात ठेवायचं कामच कधी अंगावर घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक आत आलं की ते खाली बघत आणि म्हणत, "या, गेल्या वर्षी तपकिरी नेला होतात, टाच आतून झिजली असेल." ती झिजलेली असायचीच.

दुकानात त्यांचे कायदे होते. बसून माप द्यायचं नाही, उभं राहायचं, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. मापाची लोखंडी पट्टी ते रोज सकाळी फडक्याने पुसत. बूट चढवला की पुढच्या टोकावर हाताचा अंगठा दाबून पायाचा अंगठा कुठे आलाय ते विचारत आणि मग ठरलेलं वाक्य म्हणत, "दोन फेऱ्या मारा, मग बोला." मोठमोठे साहेब, पोटं सांभाळत, आरशापासून दारापर्यंत निमूट दोन फेऱ्या मारायचे. नवीन लागलेल्या सेल्समनने गिऱ्हाइकाला "नवा आहे, वापरला की बसेल" असं सांगितलेलं त्यांना अजिबात खपत नसे. एकदा मीच घाईत तसं बोलून गेले होते, तर दिवसभर माझ्याशी अबोला. संध्याकाळी जाताना म्हणाले की बसतो तो माणूस, बूट नव्हे.

आणि तरीही हा कायदेबाज माणूस पक्का लबाड होता. त्यांच्या शर्टाच्या खिशात नंबरांच्या गोल चिकट्या असत. डोंबिवलीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मला पाचच होतो, लग्नाआधीपासून पाच, असं म्हणत त्यांनी पाच नंबरचे सहा जोड पायात कोंबून बघितले आणि आमच्या मालाला नावं ठेवली. मी आता काहीतरी बोलणार, हे ओळखून पेडणेकर मध्ये पडले. आत गेले, सहा नंबरचा जोड काढला, त्यावर पाचाची चिकटी मारली आणि अदबीने पुढे ठेवला. बाईंनी तो घातला आणि माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. पुढच्या वर्षी त्या मैत्रिणीला घेऊन आल्या. म्हणाल्या, इथल्यासारखा पाच नंबर बाहेर कुठे मिळत नाही.

माल बदलून देण्याच्या बाबतीत मात्र ते दगड होते. परत आलेला बूट ते उलटा करत, तळवा उजेडाकडे धरत आणि म्हणत, "या बुटाने रस्ता बघितलाय." मग कुणीही काहीही सांगो. एकदा एकाने काळे बूट परत आणले, डब्यासकट, कागदासकट. एक पाऊल घातलेले नाहीत म्हणाला. पेडणेकरांनी तळव्याच्या खाचेतून नखाने अक्षतेचा एक दाणा काढला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि लग्न व्यवस्थित पार पडलं ना, म्हणून चौकशी केली. तो माणूस डबा काखेला मारून गेला. शेठ हसले, आम्ही हसलो, पेडणेकर मात्र हसले नाहीत. ज्याला माप चुकल्याचं कबूल करवत नाही तो बुटाला दोष देतो, असं त्यांचं मत होतं. हे मत पुढे त्यांच्याच गळ्यात आलं.

मी आंबिवलीला राहते. आमच्या बिल्डिंगच्या मागे भगवान भोईरचं घर आणि घराला लागून पत्र्याचा तबेला. तबेल्यात एकच घोडी, सुमन. भगवान तिला घेऊन कल्याण-डोंबिवलीच्या वराती करायचा. सुमन पांढरीशुभ्र आणि स्वभावाने आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंसारखी, बँड कितीही बेसूर वाजो, ती चाल बदलायची नाही. पण सगळीकडचे रस्ते काँक्रीटचे झाले आणि तिच्या खुरांनी हाय खाल्ली. नाल पुन्हा पुन्हा ठोकून खिळ्यांची जुनी भोकं एकमेकांत मिसळली होती, खुराच्या कडा तुटत होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता एकही खिळा नको. नवीन खूर वाढून खाली येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, नाल बंद. तोवर रस्त्यावर न्यायची तर पायात बूट घालून.

वर्षभर घोडी बसून राहिली असती तर भगवानला ती ठेवता आली नसती. एक माणूस येऊन तिला बघूनही गेला होता. असल्या घोड्या तो पुढे कुठे नेतो, हे त्याला कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. भगवान तो येऊन गेला त्या दिवशी जेवला नाही, असं त्याच्या बायकोने मला सांगितलेलं.

खरं सांगते, मी ही गोष्ट दुकानात गंमत म्हणून सांगितली. दुपारी डबे उघडले होते आणि मी म्हटलं, ऐका, आता घोडीला पण बूट हवेत. सगळे हसले. पेडणेकरांनी हातातली पोळी खाली ठेवली आणि विचारलं, "सोल कुठला?"

झालं. दुसऱ्या दिवशी भगवान फोन घेऊन दुकानात, आणि पेडणेकर नाकावर चष्मा सरकवून फोटो मोठे करकरून बघतायत. पुण्याकडचे एक गृहस्थ असे बूट मागवून विकत. तीन तऱ्हा होत्या. एक गमबुटासारखा, तो त्यांनी पहिल्याच झटक्यात बाद केला, आत पाणी साठून खूर कुजेल म्हणाले. दुसरा तारेने आवळायचा, दिसायला झोकदार. पण तार तुटली तर वरात थांबवून कल्याणात ती बसवून देणार कोण, असं त्यांनी विचारलं. तिसरा जाड रबरी तळाचा, पट्टा आणि बकल असलेला. त्याचं बकल कुठलाही चांभार शिवून देईल, खाच फार खोल नाही म्हणून खडी अडकणार नाही, आणि घोट्याला लागतो तिथे आतून शिवण नाही. हा घ्यायचा. भगवानला तो लाल रंगात हवा होता, नवरदेवाच्या फेट्याला शोभून दिसेल असा. पेडणेकरांनी काळा ठरवला. म्हणाले की बूट पायासाठी घ्यायचा असतो, फोटोसाठी घ्यायचा तर फोटोला घालावा.

माप घ्यायला ते रविवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, आंबिवलीला आले. आदल्या दिवशी नालबंदाने जुने नाल काढून खूर तासून ठेवले होते. पेडणेकर इस्त्रीच्या शर्टात, खांद्याला पिशवी, पिशवीत लोखंडी पट्टी, खाकी कागद आणि टोक केलेली पेन्सिल. तबेल्याच्या दारात ते थांबले. मला तेव्हा कळलं की हा माणूस जनावराला घाबरतो. दुकानाच्या पायरीवरच्या मांजरालासुद्धा ते "जरा बाजूला होता का" असं म्हणत, ते मला इतकी वर्षं सौजन्य वाटत होतं.

सुमनने मान पुढे करून त्यांच्या डोक्यावरचं खोबरेल हुंगलं. ते डोळे मिटून उभे राहिले. मग एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाले, "नमस्कार सुमनबाई. पाय पुढे घ्या." भगवानने पाय उचलून कागदावर ठेवला. पेडणेकरांनी उकिडवं बसून पेन्सिलीने कड गिरवली, पट्टीने रुंदी घेतली, लांबी घेतली. मग डावा. उजव्या नि डाव्यात सुताएवढा फरक निघाला तसे ते खुलले, भीतीही गेली. उजवा आणि डावा कधीच सारखे नसतात, हे लोकांना तीस वर्षं सांगून थकलो, असं त्यांनी आम्हाला व्याख्यान दिलं आणि कागदाची घडी घातली.

भगवानने हळूच म्हटलं, "काका, मागचं पन बघून घेवा ना."

पेडणेकरांनी सुमनच्या मागच्या बाजूकडे एक नजर टाकली. तिने नेमकी तेव्हाच शेपटी झाडली. मग ते म्हणाले, "उजवा कळला, डावा कळला. पायाला आणखी बाजू नसते, भगवानराव." घोडीचे मागचे खूर पुढच्यांपेक्षा अरुंद असतात, हे भगवानला चांगलं माहीत होतं. पण इतक्या मोठ्या दुकानातला माणूस सांगतोय म्हटल्यावर तो काय बोलणार. आणि मी तर काय, मला सँडलच्या टाचेपलीकडे काही कळत नव्हतं.

बूट आले. पुढचे दोन असे बसले की पेडणेकरांनी स्वतःच वाहवा म्हटलं. मागचे भगवानने चढवले, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले. सुमनने अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पायाला मेंदी लावलेल्या बाईसारखी एकेक पाऊल उचलून. मागचा बूट जरा फिरतोय, असं भगवान म्हणाला. आणि पेडणेकर काय म्हणाले? "नवा आहे. बसेल." मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली आणि पिशवी उचलली.

वरात डोंबिवलीला होती. मी नव्हते, पण भगवानने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. हॉल जवळ आला तशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, सुमनने मागचा पाय झटकला आणि बूट उडून थेट नवरीकडच्या करवल्यांच्या घोळक्यात पडला. त्या मुली नवरदेवाचे बूट पळवायला टपूनच होत्या. पण नवऱ्याच्या मित्रांनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. आता आयता बूट हाती आल्यावर त्या कशाला सोडतात. त्यांनी तो फुलांच्या टोपलीत लपवला आणि मुलाकडच्यांकडून सगळ्यांसाठी आईस्क्रीम मागितलं. मुलाकडचे म्हणाले, बूट आमचा नाही. मुली म्हणाल्या, घोडी तुमची आहे ना. इकडे भगवान हात जोडून गयावया करतोय, आणि तो त्याच गमतीचा भाग आहे असं समजून लोक त्याचे व्हिडिओ काढतायत. बूट हातात येईपर्यंत सुमन त्या पायाने तशीच काँक्रीटवर चालली होती आणि मागच्या दुसऱ्या पायातला बूट टोक मागे जाईल इतका फिरला होता.

दुकानात मी ही गोष्ट आईस्क्रीमपर्यंत सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. मग पुढचं सांगितलं. सकाळी सुमन लंगडत होती, खुराची कड आणखी तुटली होती आणि भगवानने घोडी बघून गेलेल्या त्या माणसाला रविवारी या म्हणून कळवलं होतं. हसू थांबलं. संध्याकाळी पेडणेकरांनी शेठकडे दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा मागितली. इतक्या वर्षांत त्यांनी रजा घेतलेली मी पाहिली नव्हती, आणि शेठने तब्येत विचारली तेव्हा शेठच्या बुटांबद्दलही ते काही बोलले नाहीत.

सकाळी माझी कामावर जायची वेळ झाली तेव्हा ते तबेल्यात होते, सुमनच्या मागच्या पायांशी, शेणात गुडघे टेकून. भगवान ओरडत होता, काका, मागून नका जाऊ, लाथ मारंल. पेडणेकर तिच्याशीच बोलत होते. "सुमनबाई, चूक माझी आहे. पाय द्या." तिने दिला. त्यांनी कड गिरवली आणि तो कागद पुढच्या पायाच्या कागदावर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरले. मागचा खूर अरुंद, टोकाला निमुळता. शेंबड्या पोरालाही दिसावा एवढा फरक. "दोन पाय सारखे नसतात हे सगळ्यांना शिकवत बसलो," ते मला म्हणाले, "आणि चार बघितल्यावर दोनावर थांबलो." मला वाईट वाटलं, आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटू शकतं याचंही आश्चर्य वाटलं.

आता बूट बदलून हवे होते. म्हणजे ज्या माणसाने जन्मभर लोकांचे बूट उलटे करून त्यांना परत पाठवलं, त्याने दुपारी दुकानाच्या मागच्या मोरीत बसून दोन वापरलेले बूट टूथब्रशने घासले. चिखल काढला, चमकी काढली, फुलाच्या पाकळ्या काढल्या. पुसून डब्यात भरले, वर कागद घातला. मी दारात उभी राहून बघत होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. मग त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. माल आल्यापासून डब्यातच आहे, असं वाक्य त्यांनी तयार ठेवलं असणार, कारण "माल आल्यापासून" इथपर्यंत ते बोलले. पुढे त्यांची नजर बुटाच्या तळव्यावर गेली. एका खाचेत अक्षतेचा दाणा राहिलाच होता.

"या बुटांनी रस्ता बघितलाय," पेडणेकर म्हणाले. "बूट चांगला आहे. घोडी चांगली आहे. माप मी चुकलो. रविवारच्या आत एक नंबर लहान नाही मिळाला तर ती जाईल."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या गृहस्थांनी मागच्या दोन पायांची लांबी-रुंदी विचारली. बूट शनिवारी आले.

रविवारी मी मुद्दाम कुठे बाहेर गेले नाही. तो माणूस आला होता, सुमनचे दात बघत होता. पेडणेकरांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी मागचे बूट चढवले, अंगठ्याने दाबून बघितले, पट्टा घोट्याला काचत नाही ना ते बोट घालून तपासलं. बुटांवर खिशातली एक चिकटी लावलेली दिसली म्हणून मी वाकून बघितलं, तर खऱ्या नंबरापेक्षा एक कमी. मी काही विचारायच्या आत ते पुटपुटले की बाईमाणूस आहे, बरं वाटेल. मग सरळ उभे राहून म्हणाले, "सुमनबाई, दोन फेऱ्या मारा, मग बोलू."

सुमन अंगणातून निघाली, फाटकाबाहेर काँक्रीटच्या रस्त्यावर गेली, वळली, परत आली. पहिल्या फेरीत जराशी बिचकत, दुसऱ्या फेरीत मुख्याध्यापिकाबाईंच्या चालीने. बूट तसूभर हलला नाही. भगवानने तोंड फिरवून डोळे पुसले. तो माणूस मात्र हटेना, आज ना उद्या विकशीलच म्हणत राहिला. तेव्हा पेडणेकरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या पायांकडे बघितलं. तुमचा बूट एक नंबर लहान आहे, म्हणून तुम्ही सकाळपासून करवादलेले आहात, असं त्यांनी अगदी सहानुभूतीने सांगितलं. तो तणतणत गेला. पुढच्या आठवड्यात दुकानात आला, सात नंबरच होतो म्हणाला आणि खूश होऊन जोड घेऊन गेला. त्या जोडाचा खरा नंबर आठ होता.

सुमनने पुढचं वर्ष त्या चार काळ्या बुटांवर काढलं. खूर वाढून खाली आले, डॉक्टरांनी नाल ठोकायला परवानगी दिली, आणि साधारण त्याच सुमारास पेडणेकर निवृत्त झाले. वेंगुर्ल्याला बहिणीकडे जाणार होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भगवान सुमनला सजवून दुकानासमोर घेऊन आला. तुम्ही कधी घोड्यावर बसला नाहीत, आज बसाच, असा सगळ्यांनी आग्रह धरला. पेडणेकरांनी तिच्या नव्या नालांकडे बघितलं आणि नको म्हणाले. आताच तर बरी झालीय, त्यात माझं वजन कशाला.

मग भगवानने डबा पुढे केला. चारही बूट धुऊन, पुसून. तुमची आठवण म्हणून ठेवा, म्हणाला. पेडणेकरांनी एक बूट काढला, उलटा केला, तळवा उजेडाकडे धरला. तो सगळीकडून सारखा झिजला होता. ते कितीतरी वेळ तो तळवा बघत राहिले.

"रस्ता बघितलेला माल परत घेत नाही, भगवानराव," ते म्हणाले आणि डबा त्याच्या हातात दिला. "पुन्हा लागले तर घरात असू देत."

मग ते माझ्याकडे वळले. मी त्या दिवशी माळ्यावरची सगळ्यात जुनी सँडल काढून घातली होती, अकरा वर्षं त्यांनी बघितलेली, पट्टा तुटायला आलेली. निदान आज तरी ओळखावं एवढीच माझी इच्छा होती. त्यांनी खाली बघितलं, पट्टा बघितला आणि मग मान वर केली. मला वाटतं, त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं ते तेव्हाच.

"ती टाकून द्या आता, कांबळेबाई," ते म्हणाले. "चेहरा लक्षात आहे माझ्या."

मग पिशवी खांद्याला लावून ते स्टेशनकडे निघाले. भगवानही सुमनला घेऊन त्याच रस्त्याने चालला होता. गर्दीत ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते. पेडणेकर मान खाली घालून सुमनच्या बाजूने चालत होते, या वेळी तिच्या मागच्या पायांशी. ती सँडल मी अजून टाकलेली नाही.